बातुमीचा डाव

काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, जॉर्जिया देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात बातुमी हे बंदर वसले आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस हिरव्यागार डोंगररांगा आणि दक्षिणेस थोड्याच अंतरावर तुर्कस्तानची सीमा. राजधानी तिबिलिसीहून आगगाडीने सुमारे पाच तासांत येथे पोहोचता येते. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मात्र आपल्याकडच्याप्रमाणे तो चार महिन्यांत कोसळून संपत नाही, बाराही महिने येत-जात राहतो. डोंगरउतारावरील दाट झाडी पाहून कोकणाची आठवण होते. किनाऱ्यावर मात्र वाळू नाही. सर्वत्र लहानमोठे गुळगुळीत गोटे आहेत आणि प्रत्येक लाट परतताना त्यांचा खळखळाट ऐकू येतो.

दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर आम्ही सहकुटुंब जॉर्जियाला गेलो, तेव्हा प्रवासाच्या आखणीत बातुमीचे नाव आमच्या आठवीतल्या नातीने घातले होते. समुद्र किंवा उद्याने हे त्याचे कारण नव्हते. २८ जुलै २०२५ रोजी या गावात बुद्धिबळाचा एक डाव झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने त्या डावात आपल्याहून सरस रेटिंग असलेल्या कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तो डाव जेथे झाला ते गाव पाहायचे, एवढाच नातीचा हट्ट होता.

व्यापारी कुटुंबांतील वाचकांना या बंदराचा पूर्वेतिहासही उद्बोधक वाटेल. १८७८ च्या बर्लिन तहान्वये बातुमी तुर्कांकडून रशियाकडे आले आणि काही काळ मुक्त बंदर म्हणून चालले. १८८३ मध्ये कॅस्पियन समुद्रावरील बाकूपासून येथवर लोहमार्ग पूर्ण झाला आणि बाकूचे रॉकेल जगाच्या बाजारात जाण्यासाठी बातुमीच्या धक्क्यावर येऊ लागले. नोबेल बंधू आणि रॉथशील्ड यांच्यासारखी बडी घराणी या व्यापारात होती. नोबेल बंधूंच्या नावाचे एक छोटे संग्रहालय आजही गावात आहे.

त्या काळी रॉकेलच्या जागतिक व्यापारावर अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीची जबरदस्त पकड होती. पूर्वेकडील देशांत रॉकेल जाई ते पत्र्याच्या डब्यांतून, आणि त्यात खर्चही फार होई. लंडनचे एक व्यापारी, मार्कस सॅम्युएल, यांनी वेगळा विचार केला. त्यांच्या वडिलांचा व्यवसाय शोभेच्या शंखशिंपल्यांचा होता. सॅम्युएल यांनी सुएझ कालव्यातून सुरक्षितपणे जाऊ शकेल असे खास तेलवाहू जहाज बांधून घेतले, पूर्वेकडील बंदरांत साठवणुकीच्या टाक्या उभारल्या आणि १८९२ मध्ये बातुमी येथे रॉकेल भरून ‘म्युरेक्स’ हे जहाज सुएझमार्गे सिंगापूर व बँकॉककडे रवाना केले. म्युरेक्स हे एका शंखाचे नाव आहे. पुढे १८९७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे ‘शेल’ हे नावही त्याच घरच्या धंद्यावरून आले. त्या दिवशी स्टँडर्ड ऑइल आणि सॅम्युएल यांची पत कोणी तराजूत घातली असती, तर सॅम्युएल यांचे पारडे कितीतरी वर गेले असते. तरीही पूर्वेच्या बाजारपेठेत त्यांनी आपली जागा मिळवलीच.

बुद्धिबळाचा डाव या गावी व्हावा, यालाही पूर्वपीठिका आहे. जॉर्जियात पूर्वी मुलीला सासरी पाठवताना रुस्तावेलीच्या महाकाव्याच्या प्रतीबरोबर बुद्धिबळाचा पट देण्याची रीत होती, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. महिलांच्या बुद्धिबळात तर या छोट्या देशाने जगावर राज्य केले. झुगदिदी येथे जन्मलेल्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये जगज्जेत्या झाल्या आणि सोळा वर्षे त्यांनी ते पद राखले. ग्रँडमास्टर हा किताब मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला. १९७८ मध्ये त्यांच्यासमोर आव्हानवीर म्हणून आली ती त्यांच्याच देशातील, कुताइसीची सतरा वर्षांची माया चिबुर्दानिद्झे. सामना झाला याच काळ्या समुद्राच्या काठी, बातुमीच्या वायव्येस पित्सुंदा येथे. मायाने तो ८.५ विरुद्ध ६.५ असा जिंकला. एक थोर आणि अनुभवी खेळाडू, समोर त्याच मातीतील एक कुमारी, आणि निकाल कुमारीच्या बाजूने! सत्तेचाळीस वर्षांनी त्याच समुद्राच्या काठी तसाच प्रसंग घडला. या वेळी मात्र पटाच्या दोन्ही बाजूंना भारत होता.

त्या विश्वचषकासाठी १०७ खेळाडू बातुमीत जमल्या होत्या. स्पर्धा बाद पद्धतीची. प्रत्येक फेरीत दोन डाव. बरोबरी झाल्यास कमी वेळाचे डाव खेळून निकाल लावायचा आणि हरणाऱ्याने घरची वाट धरायची. मानांकनात हंपी चौथी होती, तर दिव्या पंधरावी. त्या महिन्याच्या यादीत हंपीचे रेटिंग २५४३ आणि दिव्याचे २४६३ होते, म्हणजे दोघींमध्ये ८० गुणांचे अंतर.

हे रेटिंग म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक अर्पाड एलो यांनी ही पद्धत विकसित केली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून त्यांनी आपसांत अनेक डाव खेळल्यास प्रत्येकाला सरासरी किती गुण मिळावेत, याचा अंदाज या पद्धतीत बांधतात. ८० गुणांचे अंतर असेल तर वरच्या खेळाडूला शंभर डावांत सुमारे ६१ गुण मिळावेत आणि खालच्याला ३९. हे एकोणचाळीस गुण आपण विसरतो. वरचे रेटिंग पाहिले की शंभरपैकी शंभर त्याचेच, असे आपण मनाशी धरून चालतो.

दिव्याने ते धरले नाही. चौथ्या फेरीत तिने दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनरला हरवले, उपांत्यपूर्व फेरीत द्रोणावल्ली हरिकाला, तर उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयीला. तान तिसऱ्या मानांकनाची होती, आणि त्या सामन्याचा निर्णायक डाव १०१ चालींपर्यंत लांबला. दुसरीकडून चीनच्याच लेई टिंगजीला हरवून हंपी अंतिम फेरीत आली.

हंपीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय या विजयाचे मोल कळणार नाही. २००२ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी ज्युडिट पोल्गारचा विक्रम तिने मोडला होता. दिव्याचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी, २००५ चा. मातृत्वासाठी हंपीने खेळातून रजा घेतली, परत आली आणि २०१९ मध्ये मॉस्कोत जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथे तिने तोच मान दुसऱ्यांदा मिळवला. बातुमीच्या पटावर बसली तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, दिव्या एकोणीस वर्षांची.

अंतिम सामन्याचा पहिला डाव शनिवारी, २६ जुलैला झाला. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याला वरचढ स्थिती मिळाली होती, पण ती हातातून निसटली आणि डाव बरोबरीत सुटला. रविवारचा दुसरा डावही बरोबरीत. आता सोमवारी जलद डावांवर निकाल ठरणार होता. प्रत्येकीला पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीगणिक दहा सेकंद. जाणत्यांचा कौल येथे हंपीकडे झुकणे स्वाभाविक होते, कारण जलद बुद्धिबळाची त्या वेळची जगज्जेती तीच होती.

जलद डावांपैकी पहिला पुन्हा बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी हंपीकडे होती, म्हणजे पहिल्या चालीचा लाभही तिलाच. डाव कॅटलन पद्धतीने सुरू झाला. बराच काळ कोणाचेही पारडे स्पष्टपणे झुकले नव्हते. जसजशी मोहरी कमी होत गेली तसतशी दोघींच्या घड्याळांतील मिनिटेही संपत आली. शेवटी प्रत्येक चालीला मिळणाऱ्या दहा सेकंदांवर निभावण्याची वेळ आली. अशा वेळी चुका दोन्हीकडून होतात आणि तशा त्या झाल्याही. दिव्याने संधी साधली, मग तिच्या हातून सुटलेल्या बाजीने हंपीला पुन्हा श्वास घेऊ दिला. पण अखेरची मोठी चूक हंपीच्या वाट्याला आली. पंचाहत्तराव्या चालीनंतर हंपीने डाव सोडला. दिव्याने डोळे पुसले आणि सभागृहात असलेल्या आईला मिठी मारली. ते चित्र आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिले आहे.

या विजयात आणखी एक गंमत आहे. ग्रँडमास्टर होण्यासाठी सामान्यतः तीन नॉर्म आणि २५०० रेटिंगची पातळी लागते. दिव्या बातुमीला गेली तेव्हा तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता आणि तिचे रेटिंगही अडीच हजारांच्या खाली होते. परंतु विश्वचषक जिंकणाऱ्याला हा किताब थेट मिळतो. त्यामुळे त्या एका डावाने ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती चौथी भारतीय महिला. ज्या दोघींना त्या वाटेवर तिने हरवले, त्या हंपी आणि हरिकाच तिच्या आधीच्या पहिल्या दोन!

ही स्पर्धा समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात झाली होती. आम्ही तेथे गेलो तेव्हा डावाची कोणतीही खूण उरलेली नव्हती. स्वागतकक्षात सुटकेसांची रांग होती आणि सभागृहात कसल्याशा परिषदेच्या खुर्च्या मांडणे चालू होते. नातीने दारातून आत डोकावून पाहिले. तिचा काहीसा विरस झाला, मी मात्र तिला म्हणालो, “डाव संपला की पट आवरतात, तसेच हे.”

त्याची भरपाई बुलेव्हार्डने केली. समुद्राला समांतर जाणारा हा झाडांचा लांबलचक रस्ता बातुमीचे भूषण आहे. संध्याकाळी येथे सारे गाव फिरायला येते. अली आणि नीनो या प्रेमिकांच्या दोन उंच धातूच्या आकृती हळूहळू एकमेकींकडे सरकतात, एकमेकींतून आरपार जातात आणि दूर होतात. जवळच जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरे अंगावर मिरवणारा मनोरा आहे. एका बाकावर काही वृद्ध गृहस्थ पट मांडून बसले होते. नात उभी राहून पाहू लागली, तेव्हा त्यांतील एकाने हाताने समोरची जागा दाखवली. तिने तीन डाव खेळले. दोन हरली, एक जिंकली. जिंकल्यावर त्या आजोबांनी उठून तिच्याशी हस्तांदोलन केले. त्यांचे रेटिंग किती, हे विचारायला आमच्याजवळ भाषा नव्हती. त्यांना रेटिंग होते की नाही, कोण जाणे!

येथे घरातील गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सांगली ही बुद्धिबळाची जुनी नगरी. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या खेळाची जी जोपासना केली, ती सर्वश्रुत आहे. आमची नातही तीन वर्षे स्पर्धा खेळते आहे. तिचे रेटिंग १४५० च्या घरात आहे. परंतु जोडी जाहीर झाली की ती आधी समोरच्याचे रेटिंग पाही, आणि ते जास्त असले की चेहरा उतरे. डाव मग पटावर हरण्यापूर्वीच मनात हरलेला असे. हळूहळू ती १६०० च्या आतील खेळाडूंच्या स्पर्धांनाच नाव देऊ लागली. दहावी दोन वर्षांवर आली असल्याने घरात प्रश्न निघाला की खेळ चालू ठेवावा की थांबवावा. सूनबाई म्हणाल्या, “तिने खेळावे असेच मला वाटते. पण आकडा पाहूनच हरायचे असेल, तर त्या वेळात अभ्यास केलेला बरा.” त्यांचे बोलणे रास्त होते.

बातुमीहून परतीच्या आगगाडीत मी नातीबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उभा जन्म आकडेमोडीत गेल्याने मला उपदेशापेक्षा हिशेब सोपा वाटतो. तिच्या वयाच्या खेळाडूंसाठी रेटिंगमधील बदलाचा गुणक ४० असतो. समोरचा खेळाडू २०० गुणांनी वर असेल, तर नियमानुसार तिच्याकडून प्रत्येक डावात ०.२४ गुणांची अपेक्षा धरतात. ती हरली तर तिचे साडेनऊच्या आसपास गुण जातील. बरोबरी साधली तर उलट दहा गुण वाढतील. जिंकली तर तीस. वरच्याची स्थिती याच्या उलट. त्याला बरोबरीतही तोटाच, आणि हरला तर मोठा. मी तिला विचारले, “नऊ रुपये जाण्याची जोखीम आणि तीस मिळण्याची शक्यता, असा व्यवहार तुझे बाबा दुकानावर नाकारतील काय?” समोरच्या बाकावर बसलेले तिचे बाबा हळदीच्या अडतीत मुरलेले, ते हसले. नातीने कागद माझ्याकडून घेऊन बेरीज-वजाबाकी स्वतः तपासली आणि घडी करून खिशात ठेवली.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही तीन वर्षांचे ताळेबंद मागत असू, तारण पाहत असू, परतफेडीची जुनी नोंद पाहत असू. हे सारे आवश्यकच आहे. त्याविना पेढीही चालणार नाही आणि बँकही. पण ताळेबंद हा ३१ मार्चपर्यंतचा असतो. १ एप्रिलला दुकान उघडून मालक काय करणार आहे, ते त्यात लिहिलेले नसते. रेटिंगचेही तसेच. ते कालपर्यंतच्या डावांचे सार आहे. २८ जुलैच्या सकाळी हंपीच्या नावापुढे २५४३ हा आकडा होता तो तिने कष्टाने कमावलेला, खरा आकडा होता. दिव्याचा २४६३ हाही खराच होता. त्या दोन आकड्यांत त्या दिवसाचा डाव तेवढा नव्हता.

आपल्या घरांतही अशा आकड्यांचा पसारा असतो. मुलाचे दहावीचे गुण, मुलीची प्रवेशपरीक्षेतील क्रमवारी, नव्याने दुकान टाकणाऱ्या पुतण्याची बाजारातील पत. कालचे म्हणून हे आकडे जरूर जपावेत, तपासावेत. फक्त उद्याचा डाव खेळायचा की नाही, याचा निर्णय त्यांच्या हाती देऊ नये. आणि उलट बाजूने, ज्यांचा आकडा आज मोठा आहे त्यांनीही हंपीकडून एक गोष्ट घ्यावी. निम्म्या वयाच्या मुलीसमोर हरूनही ती खचली नाही. या स्पर्धेतून दोघीही पुढच्या कँडिडेट्स स्पर्धेस पात्र ठरल्या.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहाराबद्दल थोडेसे. बातुमीची प्रसिद्ध होडीच्या आकाराची खाचापुरी वर अंडे घालून देतात. ते नको असे आधी स्पष्ट सांगावे. तेथील चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, त्यामुळे कडक नियम पाळणाऱ्यांनी चौकशी करावी. मक्याची भाकरी आणि फळे मुबलक मिळतात. दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडांवर द्राक्षरसाचा घट्ट लेप दिलेली चुर्चखेला बाजारात सर्वत्र टांगलेली दिसते. प्रवासात ती पुष्कळ उपयोगी पडली. घरून खाकरे नेले असतील तर चिंता नाही.

परतल्यावर नातीने पहिल्यांदाच खुल्या गटात नाव दिले. आरंभीच्या यादीत तिचा क्रमांक बराच खाली होता. अशा स्पर्धांत पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्या यादीची गाठ खालच्या अर्ध्या यादीशी पडते, त्यामुळे पहिलाच प्रतिस्पर्धी तिच्याहून तीनशे गुणांनी वरचा निघाला. तो डाव ती हरली. पुढच्या फेऱ्यांत मिळून तिने नऊपैकी साडेतीन गुण केले. त्यांत एक विजय दोनशेहून अधिक गुणांनी वरच्या खेळाडूवर होता. तेवढ्यावर खेळ चालू ठेवायचे ठरले आहे. दहावीच्या वर्षी पुन्हा विचार करू, असे सूनबाईंनी सांगितले आहे आणि नातीने ते मान्य केले आहे.